नानांचे चित्र आणि न दिसणारा चेहरा



गेल्या गणेशोत्सवापासून आपल्या सभागृहातल्या एका चित्रावरून जी चर्चा चालू आहे, ती बहुतेकांच्या कानावर आलीच असेल. ज्यांच्या आली नाही ते बहुधा मुलांकडे पुण्याला किंवा बंगळूरला गेलेले असावेत. त्यांच्यासाठी आधी थोडक्यात हकीकत सांगतो.

रंगमंचाच्या उजव्या भिंतीवर मंडळाच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरींची रांग आहे. सुरुवातीला पगड्या आणि फेटे, मग काळ्या टोप्या, मग उघडी डोकी आणि जाड काड्यांचे चष्मे. शेवटची जागा आपल्या नानांची. नाना जाऊन आता दोन वर्षे होतील. त्यांच्या घरच्यांनी फोटोऐवजी एक चित्र दिले. ते त्यांच्या नातीने काढलेले आहे. ती वडोदऱ्याला चित्रकला शिकली. चित्राचे अनावरण झाले, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबल्यावर सभागृहात जी शांतता पसरली ती आम्ही विसरणार नाही. चित्रात नाना नव्हते. म्हणजे नाक नव्हते, डोळे नव्हते, ते प्रसिद्ध हसू तर नव्हतेच.

एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, हा एक्स-रे आहे का? दुसऱ्यांनी स्वखर्चाने चांगला फोटो मोठा करून देण्याची तयारी दाखवली. आठवड्याभरात चित्र उतरवावे असा लेखी अर्ज आला, खाली अकरा सह्या. कार्यकारिणीने तो अर्ज आमच्याकडे दिला. कारण असे की, तुम्ही बँकेत होता, दोन्ही बाजू ऐकून घ्यायची तुम्हाला सवय आहे. आम्ही पडलो बी.कॉम.; नावे-जमा पलीकडची आमची कला म्हणजे दिवाळीत अंगणात काढलेला कंदिलाचा सांगाडा. पण काम अंगावर आले म्हणून चार महिने वाचले, जाणकारांना विचारले, त्या मुलीशी दोनदा बोललो. त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

पहिला प्रश्न आम्हाला असा पडला की माणसाचे चित्र कशासाठी काढतात? ओळखण्यासाठी म्हणावे तर त्याला फोटो पुरतो. बँकेत पस्तीस वर्षे आम्ही खातेदारांचे पासपोर्ट आकाराचे फोटो फॉर्मवर चिकटवले. त्या फोटोत प्रत्येक जण सारखाच दिसतो, जणू नुकतीच कुणीतरी वाईट बातमी सांगितली आहे. त्या फोटोवरून माणूस ओळखता येतो, कळत मात्र नाही.

आपल्या इंदुरातच याचे एक मोठे उदाहरण होऊन गेले. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची बर्नार बूते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने दोन व्यक्तिचित्रे काढली. पहिले १९२९ सालचे. महाराज तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर. त्यात ते युरोपीय पद्धतीच्या रात्रीच्या समारंभाच्या पोशाखात आहेत, काळा कोट, पांढरा टाय, खांद्यावर झगा. दुसरे चार-पाच वर्षांनंतरचे. त्यात तेच महाराज मराठा पोशाखात गादीवर बसलेले, डोक्यावर पगडी, गळ्यात ते दोन प्रसिद्ध पेराच्या आकाराचे हिरे. दोन्ही चित्रांत तोच लांबट चेहरा आणि तीच लांबसडक बोटे. दोन्ही चित्रे अतिशय देखणी आहेत. त्यांच्या छायाप्रती पुस्तकांत पाहता येतात.

आता सांगा, यातले खरे महाराज कोणते? पॅरिसचे की इंदूरचे? आम्हाला वाटते दोन्ही खरे आणि दोन्ही पोशाखच. पॅरिसला गेले की एक अंगावर चढत असे, दसऱ्याच्या दरबारात दुसरा. त्या दोन्हींच्या आत जो तरुण होता, ज्याची पत्नी महाराणी संयोगिताराजे १९३७ साली ऐन तारुण्यात गेली, त्याच्याबद्दल ही चित्रे काही बोलत नाहीत. चित्रकाराला तसे बोलायला सांगितलेलेही नव्हते.

पण याच महाराजांनी दुसरीही एक गोष्ट केली, आणि ती आमच्या विषयाच्या जवळची आहे. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतला. (आज तिथे केंद्र सरकारचे करखात्याचे कार्यालय आहे. आपल्यापैकी कित्येक जण तिथे फायली घेऊन ताटकळत बसले असतील, पण भिंतींकडे कुणी पाहिले असेल असे वाटत नाही.) त्या काळात त्यांनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराकडून ‘अवकाशातील पक्षी’ नावाची तीन शिल्पे घेतली, एक पितळी झळाळीच्या कांस्याचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. या पक्ष्याला चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. एक निमुळती, किंचित फुगीर, वर झेपावणारी कांब, एवढेच. या शिल्पांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते आणि ब्रांकुशी त्यासाठी इथे येऊनही गेला. मंदिर झाले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. म्हणजे अमूर्त कला ही कुठली तरी परक्यांची फॅशन आहे आणि आपल्या गावाशी तिचा काय संबंध, असे म्हणण्याची सोय निदान इंदूरकरांना तरी राहिलेली नाही.

ब्रांकुशी म्हणायचा तो अर्थ असा, की पक्ष्याचे पंख दाखवायचे नसून त्याचे उडणे दाखवायचे आहे. आमच्या डोक्यात इथे पहिला दिवा लागला. आम्ही कर्जाच्या प्रस्तावांसाठी कितीतरी दुकाने आणि कारखाने पाहिले. दर्शनी काच, नवा रंग, फुलांची कुंडी, मालकाच्या बोटात पुष्कराज. मग ताळेबंद उघडायचा. ताळेबंदात ना काच असते ना कुंडी. नुसते आकड्यांचे दोन रकाने. पण धंदा आतून कसा आहे ते तिथेच कळते. कारखान्याचा फोटो लावला नाही म्हणून ताळेबंद खोटा आहे, असे आजवर कुणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

अमूर्त या शब्दाने माणूस उगाच बिचकतो. त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की दिसते त्यातले बरेचसे गाळून टाकायचे आणि जे सांगायचे तेवढे ठेवायचे.

आता मुखवट्याविषयी. समाजात वावरताना आपण जो चेहरा धारण करतो त्याला कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने ‘पर्सोना’ म्हटले. शब्द मूळ लॅटिन, रोमन नाटकातल्या नटाचा मुखवटा. आपल्याकडे ‘मुखवटा’ म्हटले की लगेच ढोंग आठवते. पण जरा घरात डोकावून पाहा. ज्येष्ठा गौरींचे मुखवटे आपण वर्षभर कापडात गुंडाळून जपतो. भाद्रपदात उभ्या केलेल्या सांगाड्यावर, कुणाकडे धान्याच्या मापावर, ते बसवले की ती सुपे-डबे राहत नाहीत, माहेरवाशीण होते. खंडोबाचा मुखवटा पालखीतून निघतो तेव्हा त्याला कुणी ढोंग म्हणत नाही. मुखवट्याने देव लपत नाही, तो लोकांना दिसतो. तेव्हा माणसाचा सार्वजनिक चेहराही खोटाच असतो असे धरून चालणे आम्हाला पटत नाही. तो त्याने लोकांसाठी घडवलेला असतो. काही वेळा फार कष्टाने.

पाश्चात्त्य चित्रकलेत या दोन चेहऱ्यांचा झगडा पाहायचा तर पाब्लो पिकासोपासून सुरुवात करावी. १९०५-०६ मध्ये त्याने गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेचे चित्र काढायला घेतले. ती त्याच्यासमोर ऐंशी-नव्वद वेळा बसली असे ती सांगत असे. इतके करून शेवटी त्याने चित्रातला चेहराच पुसून टाकला आणि स्पेनला निघून गेला. काही महिन्यांनी परत आल्यावर ती समोर नसताना त्याने चेहरा रंगवला, जुन्या दगडी मूर्तीच्या मुखवट्यासारखा. ती अशी दिसत नाही, असे लोक म्हणाले. त्यावर त्याचे म्हणणे पडले की दिसेल, पुढे दिसेल. आज ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि स्टाइनबाईंचे नाव काढले की जगाला तोच चेहरा आठवतो.

पण आमच्यावर खरा परिणाम केला तो चार वर्षांनंतरच्या चित्राने, १९१० सालच्या डॅनिएल-हेन्री कानवायलर याच्या चित्राने. एक कारण असे की हा गृहस्थ आमच्याच जातीचा, म्हणजे बँकिंगचा. जर्मनीत १८८४ साली जन्म, घरचे वातावरण पैशाच्या व्यवहारांचे, त्यालाही त्याच धंद्यासाठी तयार केले. तो मात्र १९०७ मध्ये पॅरिसला एक छोटे दुकान घेऊन चित्रे विकायला बसला. पिकासो आणि ब्राक यांची ती विचित्र चौकोनी-त्रिकोणी चित्रे, ज्यांना पुढे क्यूबिझम म्हणू लागले, ती घेणारा हा मुख्य माणूस. १९१२च्या डिसेंबरात त्याने पिकासोशी तीन वर्षांचा लेखी करार केला. सव्वीस वर्षांचा होता तेव्हा पिकासोने त्याचे चित्र काढले. त्यासाठी तीसेक बैठका झाल्या असे म्हणतात.

या चित्राची छापील प्रत आम्ही जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीला पंधरा दिवस चिकटवून ठेवली होती. (घरातून विरोध झाला, तो सोसला.) मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, उंची सुमारे एक मीटर. पहिल्या दिवशी आम्हाला त्यात दिसले ते फुटलेल्या काचेचे ढिगारे. तपकिरी, राखाडी, मातकट रंग. हजार कडा, त्याही कुठे पुऱ्या होत नाहीत. एक पृष्ठभाग दुसऱ्यात विरघळतो. समोरून पाहिल्यासारखे काही, बाजूने पाहिल्यासारखे काही, आणि सगळे एकाच वेळी.

दोन-तीन दिवसांनी जेवताना एकदम तळाशी, मधोमध, हात दिसले. एकमेकांत गुंतवून मांडीवर ठेवलेले दोन हात. बँकेच्या मॅनेजरसमोर कर्ज मागायला आलेला, किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी करायला बसलेला गृहस्थ जसे हात ठेवतो तसे. मग वर जाताना घड्याळाच्या साखळीची एक वळणदार रेघ. मग टायची गाठ. अगदी वर केसांची एक लाट. डावीकडे वरच्या बाजूला न्यू कॅलेडोनियातल्या लाकडी मूर्तीची छाया आहे असे जाणकार सांगतात. ती आम्हाला सांगितल्यावर दिसली. पिकासोने पुढे सांगितल्याचे नमूद आहे की चित्र धुरासारखे विरून जायला लागले तेव्हा त्याने या खुणा मुद्दाम परत घातल्या, पाहणाऱ्याला धरायला काहीतरी हवे म्हणून.

त्या खुणा कोणत्या आहेत ते नीट पाहा. भांग पाडलेले केस, टाय, घड्याळाची साखळी, सभ्यपणे जुळवलेले हात. हा सगळा कानवायलरचा सार्वजनिक चेहरा आहे, गिऱ्हाइकांना दिसणारा व्यवस्थित धंदेवाला. तेवढाच ओळखू येतो. बाकी माणूस, जिथे नाक-डोळे असायला हवेत तिथला, सतत हलतो आहे, पकडीत येत नाही. जणू चित्रकार म्हणतो आहे की याच्या पोशाखाची मी खात्री देतो, आतल्याची देऊ शकत नाही, पण आत बरेच काही आहे एवढे मी पाहिले.

पुढे या माणसाचे जे झाले ते वाचल्यावर आम्हाला हे चित्र आणखी वेगळे दिसू लागले. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो जर्मन नागरिक म्हणून फ्रान्सच्या लेखी शत्रू ठरला. दुकानातला सगळा साठा सरकारने जप्त केला आणि १९२१ ते १९२३ या काळात लिलावात फुंकून टाकला. परत आल्यावर त्याने नवे दुकान काढले ते भागीदाराच्या नावाने, ‘गॅलरी सिमॉन’. दुसऱ्या महायुद्धात तो ज्यू म्हणून जिवावर बेतले. १९४१ मध्ये दुकान लुईझ लेरिस या घरच्याच बाईच्या नावावर करून तो खेड्यात लपला. युद्धानंतरही पाटीवर तेच नाव राहिले. विसाव्या शतकातल्या चित्रांच्या बाजारातला एक सर्वांत मोठा माणूस, १९७९ मध्ये वारला, आणि आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या नावाच्या पाटीमागे बसून होता. पिकासोला हे १९१० मध्ये ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी चित्र तसे आहे खरे.

ओळखीचा मुद्दा पुन्हा येणारच. त्याच सुमारास पिकासोने आम्ब्रुआझ व्होलार या दुसऱ्या चित्रविक्रेत्याचे याच पद्धतीचे चित्र काढले. ते मॉस्कोत आहे. मोठ्या माणसांना तो त्यात सापडेना, पण ओळखीच्या घरातल्या चार वर्षांच्या पोराने पाहताक्षणी हा व्होलार म्हणून सांगितले, असा किस्सा आहे. आमच्या नातवावर आम्ही कानवायलरचा प्रयोग केला. तो म्हणाला, “आजोबा, हा माणूस खूप विचार करतोय.” आम्ही पुढे काही विचारले नाही.

आता जे सांगणार आहोत ते कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, ते काउंटरवर शिकलेले आहे. बँकेत माणसाची शेवटची ओळख कोणती? फोटो नव्हे, सही. नमुना सहीचे कार्ड काढायचे, चेकवरची सही शेजारी धरायची. कितीतरी सह्या वाचता येत नाहीत. एक मोठे वळण, दोन काटे, खाली फराटा, शेवटी दोन ठिपके. त्यात नावातले एक अक्षर ओळखू आले तर नशीब. तरी आम्ही त्या गिचमिडीवर लाखो रुपये देत होतो, आणि हाताने तंतोतंत गिरवलेली, स्वच्छ वाचता येणारी सही संशयाने परत पाठवत होतो. कारण खऱ्या सहीत वेग असतो, दाब असतो, हात कुठे उचलला ते दिसते. म्हाताऱ्या खातेदाराची सही थरथरू लागली की घरात काय चालले असेल याचा अंदाज यायचा. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटीने सही करणाऱ्या बाईंची सही कार्डाशी जुळायची नाही, तेव्हा आम्ही त्यांना पाणी देऊन पाच मिनिटे बसायला सांगत असू. सही म्हणजे नाक-डोळे नसलेले व्यक्तिचित्रच. प्रत्येकाने स्वतःचे स्वतः काढलेले. अमूर्त चित्र आपल्याला कळत नाही असे म्हणणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येक जण ते रोज काढतो आणि ओळखतो.

ब्रांकुशीने १९२९ साली जेम्स जॉइस या आयरिश लेखकाचे असेच काहीसे केले. आधी त्याने चेहऱ्याचे सरळ रेखाटन केले होते. प्रकाशकांना काहीतरी अधिक आधुनिक हवे होते. मग त्याने एक गुंडाळत जाणारी रेघ आणि काही उभ्या सरळ रेघा काढून दिल्या. कानाच्या आतल्या वळणासारखी, किंवा घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. डब्लिनमध्ये जॉइसच्या वडिलांना ते दाखवले तेव्हा पोरगा बराच बदललेला दिसतो, असे ते गंभीरपणे म्हणाले म्हणतात. आपल्या मंडळात ते नक्की रमले असते.

हे सगळे वाचून आम्ही जवळजवळ चित्राच्या बाजूने झालो होतो. पण अर्जावर सही करणाऱ्यांची बाजूही आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९५४ साली विन्स्टन चर्चिल ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराकडून त्यांचे चित्र काढून घेऊन भेट दिले. ते अमूर्त नव्हते, चेहरा स्वच्छ ओळखू येत होता. पण त्यात युद्ध जिंकलेला सिंह नव्हता. खुर्चीत रुतलेला, थकलेला, चिडलेला म्हातारा होता. चर्चिल यांनी भर समारंभात आधुनिक कलेचा नमुना म्हणून त्याची बोचरी थट्टा केली आणि नंतर ते चित्र कुणाला दिसलेच नाही. त्यांच्या पत्नीने ते नष्ट करवले होते, हे तिच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये जगाला कळले. चित्रकाराने केलेले कच्चे अभ्यास तेवढे उरले आहेत.

चित्र जाळणे वाईटच. पण त्या बाईचा राग आम्हाला समजतो. माणसाने जन्मभर जे झाकून ठेवले ते भिंतीवर टांगण्याचा अधिकार कुणाला आहे? चित्रकाराला? घरच्यांना? अकरा सह्या करणाऱ्यांना चित्र कळले नव्हते हे खरे, तरी आपल्या माणसाचे काहीतरी काढून घेतले जात आहे असे त्यांना वाटले, ते अगदीच चूक नव्हते.

आता नानांकडे येतो. पुढचे सगळे आम्ही काकूंच्या परवानगीने लिहीत आहोत. मसुदा त्यांना वाचून दाखवला आहे.

चित्र साधारण तीन फूट बाय चार फुटांचे. वरचा तिसरा हिस्सा उजळ, पांढरा आणि केशराकडे झुकणारा पिवळा. कडा कशा, इस्त्री केल्यासारख्या. कॉलरचा त्रिकोण सगळ्यांना दिसतो, त्याच्या शेजारचा काळा आकार माइकचा आहे. हे आपले नाना. “तर मंडळी” म्हणून सुरुवात करणारे, कार्यक्रम कितीही रेंगाळला तरी लोकांना खुर्चीत धरून ठेवणारे. चेहऱ्याच्या जागी एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या चकत्या आहेत, प्रत्येकीची कड जरा वेगळी.

खालचे दोन हिस्से गडद निळे, कितीतरी थर चढवून मग खरवडलेले. त्यात एक लहान पिवळा चौकोन, शेजारी दोन वर्तुळे. आणि वरून खालपर्यंत एक बारीक रेघ. वरच्या उजळ भागात ती सलग आहे. निळ्यात शिरल्यावर ती दोन ठिकाणी तुटते, थोडे थांबून पुन्हा सुरू होते.

आम्ही त्या मुलीला विचारले, ही रेघ काय? ती म्हणाली, “आबांचा आवाज.”

नाना लहानपणापासून अडखळत बोलत. घरात, जेवताना, फोनवर शब्द अडायचा. माइकसमोर मात्र कधीच नाही. पाठ केलेले किंवा गायलेले शब्द अशा माणसांना बरेचदा सुरळीत येतात, हे आता आम्ही वाचले. नाना प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी कितीतरी रात्री स्वयंपाकघरात ओट्यावरचा एक दिवा लावून बसत, समोर पाण्याचे भांडे आणि फुलपात्र, आणि आपल्याला त्या क्षणी सुचले असे वाटणारा एकूण एक विनोद पुटपुटत पाठ करत. पिवळा चौकोन हा तो दिवा. नात लहानपणी पाणी प्यायला उठायची तेव्हा तिने हे पाहिले होते. चाळीस वर्षे आम्ही त्यांच्याबरोबर मंडळात काम केले. ते बैठकीत फार बोलत नाहीत, लिहून आणतात, याला आम्ही शिस्त समजत होतो.

काकूंना चित्र पहिल्यांदा अजिबात रुचले नव्हते हे इथे सांगितले पाहिजे. त्यांनी नातीला स्पष्ट विचारले होते, जे त्यांनी कुणाला कळू दिले नाही ते तू चारचौघांत मांडलेस? त्यावर ती म्हणाली, “आजी, मी लिहिलं कुठे आहे?” हे उत्तर आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. सदरलंडच्या चित्रात चर्चिल यांना लपायला जागा नव्हती. इथे ज्यांना माहीत आहे त्यांना ती तुटलेली रेघ दिसते, बाकीच्यांना ती नुसती रेघ. अमूर्त चित्राची ही एक सोय आम्ही कुठे वाचली नव्हती.

डिसेंबरात एका दुपारी काकू सभागृहात आल्या. आम्ही आणि शिपाई, तिसरे कुणी नव्हते. त्या बऱ्याच वेळ समोर बसल्या. मग उठून जवळ गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “दोनच ठिकाणी तुटलीये? माझ्याशी बोलताना दहादा अडायचे. माझं नाव तर एका दमात कधीच आलं नाही त्यांना.” आणि आम्हाला म्हणाल्या, “लिहा तुम्ही. आता लपवून कुणापासून लपवायचं.”

कार्यकारिणीच्या जानेवारीतल्या बैठकीत असे ठरले की चित्र आहे तिथेच राहील आणि नानांचा एक फोटो कार्यालयात लावला जाईल. अर्जावरच्या अकरांपैकी सात जणांनी सह्या मागे घेतल्या आहेत. चौघांचे मत कायम आहे आणि ते कार्यवृत्तात नोंदवले आहे.

ज्यांना चित्र निवांत पाहायचे आहे त्यांच्यासाठी सभागृह रविवारी सकाळी अकरा ते एक उघडे असते. कार्यक्रमाच्या गर्दीत पाहू नये. रंगमंचाच्या दिव्यांची चमक पडते आणि निळ्या भागातले काहीच दिसत नाही. आम्ही एक खुर्ची चित्रापासून आठ फुटांवर ठेवली आहे. ती कृपया हलवू नये.